कोमाटी: आधी संच थांबला, मग पैसे आले

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी औष्णिक वीज केंद्राचा नववा संच कायमचा बंद झाला. नऊ संचांपैकी चालू असलेला तो शेवटचा. चार दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, जागतिक बँकेने याच केंद्राचं रूप पालटण्यासाठी ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. आणखी दोन दिवसांनी इजिप्तमध्ये शर्म-अल-शेखला त्या वर्षीची हवामान परिषद सुरू झाली, आणि कोळसा सोडण्याचं ताजं उदाहरण म्हणून कोमाटीचं नाव जगभर गेलं.

या तीन तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या की मला सगळं प्रकरण त्यांच्या क्रमातच दिसतं. आधी बॉयलर थंड झाला. मग पैशाला मंजुरी मिळाली. सौर पॅनेल, बॅटऱ्या, प्रशिक्षण, नवी कामं हे सगळं त्यानंतर यायचं होतं. गावाचा पगार मात्र पहिल्याच तारखेला थांबला.

कोळसा सोडावा की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. तो सोडावाच लागेल, आणि लवकर. पण कोमाटीवर जी टीका झाली आणि जी स्तुती झाली, त्या दोन्हींत एक गोष्ट निसटते: केंद्र बंद करण्याचा निर्णय बरोबर होता, तरी तो ज्या क्रमाने राबवला तो क्रम चुकीचा होता. आणि या क्रमाची किंमत पुढच्या प्रत्येक केंद्राने मोजली.

साठ वर्षांचं केंद्र

कोमाटी हे म्पुमलांगा प्रांतात, मिडलबर्ग आणि बेथल या दोन गावांच्या मधल्या पठारावर आहे. हा कोळशाचा मुलूख. एस्कॉम या सरकारी वीज कंपनीच्या कोळसा केंद्रांपैकी बारा एकट्या म्पुमलांगात आहेत, आणि देशाची ८० टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर चालत आली आहे. खाण, केंद्र, राखेचा बंधारा आणि वसाहत एकमेकांना लागून, अशीच इथली वस्ती.

कोमाटीचा पहिला संच १९६१ मध्ये सुरू झाला, नववा १९६६ मध्ये. पाच संच १०० मेगावॉटचे आणि चार १२५ मेगावॉटचे; मिळून १००० मेगावॉट. १९८० च्या दशकाअखेर देशाकडे गरजेपेक्षा जास्त वीज झाली, तेव्हा इथले संच एकेक करून थांबवले गेले आणि १९९० मध्ये अख्खं केंद्र झाकून ठेवलं गेलं. पुढे टंचाई जाणवू लागली तेव्हा त्याच जुन्या संचांची डागडुजी करून ते पुन्हा पेटवले. म्हणजे या गावाने बंद पडणं आणि पुन्हा सुरू होणं एकदा पाहिलेलं होतं. दुसऱ्यांदा बंद पडल्यावर ‘उद्या परत सुरू होईल’ ही आशा सुटत नाही, ती यामुळेच.

२०२२ पर्यंत मात्र परत सुरू करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आठ संच आधीच टप्प्याटप्प्याने निवृत्त झाले होते आणि नववा सव्वाशे मेगावॉटच्याही आतच वीज देत होता. साठ वर्षांच्या यंत्रांची दुरुस्ती, शिवाय प्रदूषणाच्या नव्या मर्यादेत बसायचं तर बसवावी लागणारी यंत्रणा, हा खर्च या उरलेल्या विजेला परवडणारा नव्हता. केंद्राचं आयुष्य संपत आल्याचं एस्कॉमच्या आराखड्यात २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या कितीतरी आधीपासून लिहिलेलं होतं.

हवेची बाजूही आहेच. मार्च २०२२ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की या पठारावरची हवा इतकी विषारी आहे की ती नागरिकांच्या निरोगी पर्यावरणाच्या घटनादत्त हक्काचा भंग ठरते. खटला लढवला होता ग्राउंडवर्क आणि वुकानी या दोन पर्यावरण संघटनांनी. वुकानी तर याच कोळसा पट्ट्यातली. तेव्हा केंद्र बंद होणं म्हणजे परदेशी लोकांची हौस, असं म्हणणाऱ्याने हा निकाल वाचावा. धूर गिळणारी माणसं आणि त्याच धुरावर पोट भरणारी माणसं एकाच गल्लीत राहतात, कित्येकदा एकाच घरात. सगळं अवघडपण इथे आहे.

८५० कोटी डॉलर म्हणजे काय

२ नोव्हेंबर २०२१. ग्लासगोच्या परिषदेत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडण्यासाठी ८५० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. ‘न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारी’ असं त्या कराराचं नाव, आणि असा करार जगात पहिलाच. पुढे याच नमुन्यावर इंडोनेशियाशी २००० कोटी, व्हिएतनामशी १५५० कोटी डॉलरचे करार झाले, सेनेगलही आला. २०२२ मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने अशा करारांसाठी जी नावं घेतली त्यांत भारतही होता, पण भारताने असा करार केला नाही.

टाळ्या वाजल्या त्या ८५० या आकड्याला. पण तो आकडा उलगडून पाहायला हवा. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी दक्षिण आफ्रिकेच्या रिझर्व्ह बँकेचे माजी उपगव्हर्नर डॅनियल म्मिनेले यांना या कामावर नेमलं आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, गुंतवणूक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात स्पष्ट झालं की ८५० कोटींपैकी अनुदान, म्हणजे परत न करायचे पैसे, फक्त ४ टक्क्यांच्या आसपास आहेत. बाकीचं बहुतांश सवलतीच्या व्याजाचं कर्ज, काही बाजारभावाचं कर्ज आणि काही नुसत्या हमी. त्याच आराखड्यात पाच वर्षांची एकूण गरज १.५ लाख कोटी रँड, म्हणजे सुमारे ९८०० कोटी डॉलर, अशी मांडली होती. गरजेच्या अकराव्या हिश्श्याएवढी रक्कम, आणि तीही मुख्यतः उसनी.

कर्ज वाईटच असतं असं नाही. सवलतीच्या व्याजाने, लांब मुदतीने पैसा मिळाला तर वीज प्रकल्पाला त्याचा खरा उपयोग होतो, कारण सौर आणि पवन प्रकल्पांत जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच येतो आणि व्याजाचा एकेक टक्का विजेच्या दरात उतरतो. पण हे कर्ज घेणार कोण? एस्कॉम. तिच्या डोक्यावर त्या वेळी आधीच ४० हजार कोटी रँडच्या घरात कर्ज होतं. २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारला त्यातलं २५,४०० कोटी रँडचं ओझं स्वतःवर घ्यावं लागलं. एस्कॉमची कमाई रँडमध्ये आणि नवं कर्ज डॉलर, युरोत. रँड घसरला की हप्ता आपोआप फुगतो. हवामानाच्या नावावर आलेला पैसा घेणाऱ्याच्या ताळेबंदात शेवटी कर्जाच्याच रकान्यात पडतो.

इथे एक जुनी नोंद आठवते. एप्रिल २०१० मध्ये याच जागतिक बँकेने याच एस्कॉमला ३७५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं आणि त्यातला मोठा भाग मेडुपी या ४७६४ मेगावॉटच्या कोळसा केंद्रासाठी होता. मेडुपीचा शेवटचा संच २०२१ मध्ये, नियोजनापेक्षा कितीतरी वर्षं उशिरा, सुरू झाला आणि लगेच ऑगस्टमध्ये तिथल्या चौथ्या संचात स्फोट झाला. कोळसा केंद्र बांधायला घेतलेलं कर्ज फिटायच्या आत दुसरं केंद्र मोडायला कर्ज घ्यायचं, अशी ही अवस्था. धोरण बदललं हे चांगलंच झालं. पण बदलाची किंमत कर्जदाराच्याच खात्यावर दोनदा चढली.

४९.७ कोटींचे तीन भाग

कोमाटीच्या रकमेकडे जवळून पाहू, कारण प्रकल्प-अहवालांत खरा प्राधान्यक्रम आकड्यांतच कळतो.

४९.७ कोटी डॉलरपैकी ४३.९५ कोटी जागतिक बँकेचं कर्ज, ४.७५ कोटी कॅनडाच्या निधीतून सवलतीचं कर्ज आणि १ कोटी अनुदान. हे झालं पैसे येण्याच्या बाजूने. जाण्याच्या बाजूने पाहिलं तर केंद्र सुरक्षितपणे मोडण्यासाठी ३.३५ कोटी, त्या जागी १५० मेगावॉट सौर, ७० मेगावॉट पवन आणि वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या उभारण्यासाठी ४१.६ कोटी, आणि कामगार व गावासाठी ४.७५ कोटी. म्हणजे दर शंभर डॉलरमागे यंत्रांना नव्वदच्या वर आणि माणसांना साडेनऊ.

यंत्रांची बाजू विचारपूर्वक आखलेली होती, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. जुन्या औष्णिक केंद्राची सगळ्यात मोलाची मालमत्ता बॉयलर नसते, टर्बाइनही नसते. ती असते ग्रिडची जोडणी. दक्षिण आफ्रिकेत सूर्य आणि वारा सगळ्यात चांगला मिळतो तो पश्चिमेकडच्या केप प्रांतांत, पण तिथल्या पारेषण वाहिन्या भरून गेल्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये अक्षय ऊर्जेच्या सरकारी लिलावाच्या सहाव्या फेरीत एकाही पवन प्रकल्पाला काम मिळालं नाही. कारण वाहिनीत जागाच नव्हती. उलट म्पुमलांगात वारा थोडा कमी, पण जाड वाहिन्या, उपकेंद्रं, रोहित्रं सगळं तयार. कोळशाचा एकेक संच थांबेल तशी तिथे जागा मोकळी होत जाणार. त्यामुळे केंद्राच्याच आवारात सौर आणि बॅटऱ्या उभारणं ही शहाणपणाची गोष्ट होती. सेरिटी ही कोळसा कंपनीसुद्धा आपल्या हरित शाखेमार्फत याच प्रांतात, बेथलच्या बाजूला, पवनचक्क्या उभारायला पुढे आली.

प्रश्न संख्येचा होता, आणि संख्येपेक्षाही कामाच्या जातीचा. कोळसा केंद्रात तीन पाळ्यांत माणसं लागतात: कोळसा उतरवायला, कन्व्हेयरच्या पट्ट्यावर नजर ठेवायला, मिल साफ करायला, राखेची लगदा-वाहिनी तुंबली की ती मोकळी करायला, बॉयलरच्या नळ्या बदलायला, गेटवर, कँटीनमध्ये, बागेत. सौर प्रकल्प उभारताना वर्ष-दीड वर्ष शेकडो हात लागतात हे खरं. पण एकदा उभा राहिला की पॅनेल पुसणं, गवत कापणं, इन्व्हर्टरची देखभाल आणि पहारा, एवढंच उरतं. राखेत काम केलेल्या माणसाला पॅनेल पुसणं जमणार नाही असं नाही. तेवढी पॅनेल पुसायला तितकी माणसं लागतच नाहीत.

ही अडचण आखणाऱ्यांनाही माहीत होती, म्हणून जोडकामं सुचवली गेली. केंद्रात अक्षय ऊर्जेचं प्रशिक्षण केंद्र. पॅनेलखाली शेती. मत्स्य-भाजीपाला प्रयोग, ज्यात टाकीतल्या माशांच्या विष्ठेने सकस झालेलं पाणी भाज्यांच्या वाफ्यात फिरतं आणि स्वच्छ होऊन टाकीत परत येतं. आणि एक मला मनापासून आवडलेली कल्पना: जहाजावरच्या मालाच्या लोखंडी पेटीत बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून, पेटीवर पॅनेल लावून ती दूरच्या गावात नेऊन ठेवायची, की झाली छोटी ग्रिड तयार. अशा पेट्या जुळवण्याचा कारखाना कोमाटीच्याच शेडमध्ये. ज्या हातांनी केबलची टोकं जोडली, पॅनेल-बोर्ड बसवले, त्यांना हे काम परकं नव्हतं. पण ही सगळी कामं दहा-वीस, पन्नास माणसांची. केंद्राच्या भोवती उभं राहिलेलं गाव त्यांनी पोसलं जात नाही.

ठेकेदाराची माणसं

मी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीत वाढलो, म्हणून ‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द वाचला की मला आधी गेटपास आठवतात. कायम कामगाराचा पास वर्षानुवर्षं तोच. ठेकेदाराच्या माणसाचा पास ठेका संपला की संपला. संचाच्या वार्षिक दुरुस्तीचे दिवस आले की बाहेरून शेकडो माणसं यायची: वेल्डर, रिगर, फिटर, मचाण बांधणारे. खानावळींत ताटं वाढायची, चाळींतल्या खोल्या भरायच्या, सायकल दुरुस्तीवाल्यालासुद्धा दोन पैसे जास्त मिळायचे. दुरुस्ती आटोपून संच ग्रिडला जोडला गेला की बाजार पुन्हा शांत. केंद्राच्या हजेरीपटावर या माणसांचा पत्ता कुठेच नसायचा. गाव मात्र त्यांच्यावरही चालायचं.

कोमाटीत हेच झालं. एस्कॉमच्या कायम कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं नाही. त्यांना शेजारच्या दुसऱ्या केंद्रांत बदली मिळाली. कागदावर म्हणून ‘एकही नोकरी गेली नाही’ असं वाक्य लिहिता येत होतं. पण बदली झालेला माणूस कुटुंबासह गेला की त्याचं भाडं गेलं, किराणा गेला, मुलांच्या शाळेची संख्या घटली. आणि ठेकेदारांची माणसं? ठेका संपला एवढाच त्यांचा कागद. त्यांना बदली नाही, नुकसानभरपाई नाही, आणि प्रशिक्षणाच्या यादीत पहिला नंबरही नाही. कोमाटी आणि शेजारचं ब्लिंकपॅन या दोन लहानशा वस्त्यांत घराच्या मागे खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्यांना आणि छोट्या दुकानदारांना याचा थेट फटका बसला. ज्या देशात अधिकृत बेरोजगारी त्या वेळी ३३ टक्क्यांच्या आसपास होती, तिथे ‘दुसरीकडे काम बघा’ या सल्ल्याला काही अर्थ नसतो.

याच वर्षी, २०२२ मध्ये, देशाने न्याय्य संक्रमणाची राष्ट्रीय चौकट स्वीकारली होती. रामाफोसांनी नेमलेल्या राष्ट्राध्यक्षीय हवामान आयोगाने ती तयार केली. त्यात न्यायाच्या तीन बाजू मांडल्या आहेत: फायद्या-तोट्याची वाटणी न्याय्य हवी, आधी झालेल्या हानीची भरपाई हवी, आणि निर्णयाच्या प्रक्रियेत बाधितांचा वाटा हवा. मांडणी उत्तम आहे. मी अनेकांना ती मुद्दाम वाचायला सांगतो. पण कोमाटीला ती लागू करायला वेळच राहिला नाही. चौकट आणि बंद होणं एकाच वर्षात आलं. बंद होण्याची तारीख ठरलेली होती, बाकी कशाचीच नव्हती.

पुढच्या वर्षी आयोगाने कोमाटीत जाऊन लोकांचं म्हणणं ऐकलं आणि अहवाल दिला. लोकांना विश्वासात घेतलं नव्हतं, काय होणार हे त्यांना नीट कळलं नव्हतं, आणि पर्यायी कामं उभी राहण्याआधी केंद्र थांबलं, हा त्याचा गाभा. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने सरकारी कंपनीच्या कामाची अशी उलटतपासणी करून ती प्रसिद्ध करावी, याचं मला मोल वाटतं. असा प्रामाणिक दस्तऐवज हातात असल्याशिवाय दुसऱ्या केंद्राकडे जाताच येत नाही.

अंधार आणि राजकारण

कोमाटीचं दुर्दैव असं की ते नेमकं भारनियमनाच्या ऐन भरात थांबलं. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी काढली, त्यांना तो शब्द समजावून सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेत २०२२ मध्ये दोनशेहून अधिक दिवस भारनियमन झालं आणि २०२३ मध्ये तीनशेहून अधिक. टप्पा जितका वरचा तितका अंधार जास्त; सहाव्या टप्प्याच्या भारनियमनात एका घराची वीज दिवसातून आठ-दहा तासही जायची. दवाखाने, कोंबड्यांची खुराडी, शीतगृहं, सगळं जनरेटरवर.

अशा अंधारात ‘चालू केंद्र बंद केलं’ ही गोष्ट लोकांना पटवून देणं सोपं होतं. खाण आणि ऊर्जामंत्री ग्वेडे मंताशे कोळशाच्या बाजूने सुरुवातीपासून बोलत होतेच. मार्च २०२३ मध्ये वीजमंत्री हे नवं पद निर्माण करून त्यावर नेमलेले ख्वोसिएन्चो रामोखोपा यांनीही कोमाटी बंद करण्यावर उघड टीका केली. एक हजार मेगावॉटचा आकडा सभांतून फिरू लागला. प्रत्यक्षात शेवटी बंद झालेला संच सव्वाशे मेगावॉटचाही नव्हता, आणि भारनियमनाचं खरं कारण इतर मोठ्या केंद्रांतले संच वरचेवर बंद पडणं हे होतं. पण गावातल्या रिकाम्या खोल्या दाखवून कुणी एक हजार मेगावॉट म्हटलं, तर त्याला तांत्रिक उत्तर देऊन भागत नाही. रिकाम्या खोल्या खऱ्या होत्या.

इथेच क्रमाची किंमत चुकवावी लागली. कोमाटीनंतर कॅम्डेन, ग्रूटव्लेई आणि हेंड्रिना ही तीन जुनी केंद्रं बंद व्हायची होती. एस्कॉमने २०२४ मध्ये ती २०३० पर्यंत चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. हवामान गुंतवणूक निधी या आंतरराष्ट्रीय निधीचे ५० कोटी डॉलर या केंद्रांच्या बंद होण्याशी बांधलेले होते. ती योजना बदलून २०२५ मध्ये पुन्हा मंजूर करून घ्यावी लागली. विजेची टंचाई हे कारण खरं होतंच. पण ‘आम्हाला कोमाटी व्हायचं नाही’ असं कोळसापट्ट्यातली माणसं म्हणू लागली असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा? एका गावाशी हात आखडून वागल्यामुळे तीन केंद्रांच्या चिमण्यांतून आणखी काही वर्षं धूर निघणार आहे. कार्बनच्या हिशेबातसुद्धा हा व्यवहार तोट्याचाच ठरला.

देणाऱ्यांचा शब्दही टिकला नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या भागीदारीतून बाहेर पडली. तिच्या वाट्याचं ५.६ कोटी डॉलरचं अनुदान आणि सुमारे १०० कोटी डॉलरची गुंतवणूक त्याबरोबर गेली. इतरांनी आपला वाटा कायम ठेवला, काही नवे देशही जोडले गेले, त्यामुळे भागीदारी मोडली नाही. तरी कोमाटीसारख्या गावाने यातून काय घ्यावं? कायमचा बंद केलेला बॉयलर परत पेटत नाही. मदतीचा शब्द मात्र एका निवडणुकीने फिरवता येतो.

परिषदांमधला शब्द आणि गावातली तारीख

हवामान परिषदांत शब्दांवर रात्र-रात्र घासाघीस होते. ग्लासगोत कोळसा ‘संपवणं’ ऐनवेळी ‘कमी करत जाणं’ झालं, आणि त्यात भारताचा हात होता. दुबईत २०२३ मध्ये जीवाश्म इंधनांपासून ‘दूर जाणं’ हे शब्द प्रथमच ठरावात आले. पैशाच्या बाजूला २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केलेले वर्षाला १० हजार कोटी डॉलर २०२० पर्यंत यायचे होते. ते उद्दिष्ट विकसित देशांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये गाठलं गेलं. बाकूमध्ये २०२४ ला नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३० हजार कोटी डॉलर. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच उभं राहून तो नाकारला. २०२५ मध्ये बेलेमला ऐंशीहून अधिक देश जीवाश्म इंधनं सोडण्याचा आराखडा मागत होते, पण तो अंतिम ठरावात आला नाही.

हे शब्द मी बिनमहत्त्वाचे मानत नाही. त्यांच्याशिवाय कोमाटीला एक डॉलरही आला नसता. पण ‘दूर जाणं’ याचा अर्थ शेवटी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी सोमवारी एक संच थांबणं हाच असतो. आणि त्या सोमवारसाठी कुठल्याही ठरावात कलम नाही. इंधन कधी सोडायचं याचं वेळापत्रक एका दालनात लिहिलं जातं आणि पैसे कसे द्यायचे याचं दुसऱ्या. कोमाटीत या दोन वेळापत्रकांत फक्त चार दिवसांचं अंतर दिसतं, पण मंजुरी आणि कामाचा पहिला पगार यांत कर्जाच्या अटी, निविदा, पर्यावरण अहवाल, जमिनीचे कागद असं सगळं असतं. तिथे दिवसांची वर्षं होतात. केंद्र थांबण्याच्या पाच वर्षं आधी हा पैसा सुटा झाला असता, तर शेवटचा संच चालू असतानाच आवारात पॅनेल उभी राहिली असती आणि गावाने स्वतःच्या डोळ्यांनी ती पाहिली असती.

आपल्याकडे हे अजून परक्याचं वाटतं. कोराडीत जुने संच निवृत्त झाले तेव्हा तिथेच ६६० मेगावॉटचे तीन नवे कोळसा संच आले, त्यामुळे गाव रिकामं झालं नाही. परळीने मात्र एक झलक पाहिली आहे: २०१५ च्या दुष्काळात पाणीच नसल्याने तिथलं केंद्र थांबलं, तेव्हा केंद्रावर जगणाऱ्या बाजाराचं काय होतं ते परळीकरांना कुणी सांगायची गरज उरली नाही. ते केंद्र पुढे पुन्हा सुरू झालं. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणपट्ट्यात कधीतरी पुन्हा सुरू न होणारं थांबणं येणार आहे. त्याची तारीख आज कुणी ठरवलेली नाही, म्हणून तयारीला वेळ आहे. कोमाटीला तारीख होती, वेळ नव्हता.

म्हणून मी आता कॅम्डेन, ग्रूटव्लेई आणि हेंड्रिनाकडे बघतो आहे. त्यांच्या हातात २०३० पर्यंतचा काळ आहे. या तीन केंद्रांच्या गेटवर ठेकेदारांची किती माणसं येतात, कुठल्या वस्तीतून येतात, त्यांना कोणतं काम येतं, मागच्या खोल्या कुणाच्या आहेत, ही यादी संच चालू असतानाच करता येते. तिला ना कर्ज लागतं ना निविदा. लागते ती एक वही, आणि गेटवर पाळी बदलताना उभं राहून नावं लिहून घेणारा एक माणूस.